कोमट

तांबट लेन सोडून आम्ही सिडकोत आलो,
तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही.
त्यात पोरांचे बॉल पडतात.
चौथ्या वर्षी ह्यांची उजवी बाजू गेली,
बोलणंही गेलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई कॉलेज रोडला, त्याही वरच.
म्हणजे तीन जिने खाली, रिक्षा, पुन्हा दोन जिने,
चार माणसं आणि एक खुर्ची.
चार माणसांना सुट्टी रविवारी,
रविवारी दवाखाना बंद.
महिनाअखेरची तारीख मिळाली आहे.
तोवर मी.

रात्री साडेनऊला टॉवेल, वाटी, बॅटरी.
ब्रश लहान पोराचा, मऊ, दांड्यावर हत्ती.
फोनवर बाई म्हणाल्या, घासायचं नाही,
नुसतं फिरवायचं.
बाई, तांबटाच्या घरातला हात आहे हा.
चिंच आणि राख घेऊन
घंगाळात तोंड दिसेस्तोवर घासलेला.
न घासणं शिकायला
मला बासष्टावं वर्ष उजाडलं.

पेस्ट वाटाण्याएवढी.
फेस ओल्या फडक्यानं टिपायचा, चूळ नको,
दातांवर थर राहू दे, म्हणाल्या.

थर.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं,
हे ह्यांनीच शिकवलं मला
लग्नाच्या पहिल्या महिन्यात, सगळ्यांसमोर,
पातेलं उलटं करून.
आता ह्यांचं तोंड दोन बोटं उघडतं.
बॅटरीच्या उजेडात दिसते
डावीकडची दाढ, काठ फुटलेली,
शेजारच्या दोघींचं आतलं पिवळं उघडं पडलेलं.
मी काही बोलत नाही.
उलटं करून दाखवायचं तरी कुणाला?

पिंपळगावहून पुतण्यानं द्राक्षांची पेटी आणली.
नुसत्या वासानं माझेच दात आंबले.
शेजारी वाटली. सात मणी ठेवले,
सोलून, चिरडून, चमच्याच्या टोकावर.
आंबटानंतर अर्धा तास ब्रश नाही.
अर्धा तास आम्ही दोघं घड्याळ बघतो.
एवढ्या वेळात ह्यांच्या हातोडीखाली
तांब्याचा गळा वर यायचा.

द्वारकाबाईंनी लवंगेचं तेल दिलं,
ते हिरडीला पोळतं, म्हणून देवाजवळ ठेवलंय.
गाल सुजला, ताप चढला
तर तारखेची वाट बघायची नाही, तडक सिव्हिल.
चौघांचे नंबर दारामागे खडूनं लिहिलेत.
एकाचा बदललाय, विचारायला हवा.

परवा थंडी सहावर उतरली होती.
माझ्या हातून पाणी तापवायचं राहिलं.
पेला ओठांना लागला, एक घोट आत गेला,
आणि ह्यांचा डावा डोळा घट्ट मिटला.
मग तोंडातून, स्पष्ट:
कळ.

अकरा महिन्यांत पहिला शब्द.
कळ आली म्हणाले?
की कळलं म्हणाले,
आपलं काय चाललंय ते सगळं?
की कळशी मागत होते, शेवटची केलेली,
विकू नकोस म्हणाले होते ती?
मी पुढच्या अक्षराची वाट बघत राहिले,
गाल शेकायचा सोडून.
ओशाळले मग. पण आधी हरखले होते,
ते खोटं कशाला सांगू.

काल सकाळी गार पाण्याचा पेला हातात धरून
मी ओट्यापाशी उभी होते,
बराच वेळ.
ह्यांची नजर माझ्या पाठीवर.
एक घोट, आणि कदाचित दुसरं अक्षर.

गॅस पेटवला.
करंगळी बुडवून पाहिली,
थोडं थांबले, पुन्हा बुडवली.